रक्ताच्या मूळपेशी, त्यांना येणारे निरोप आणि कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोन मॅरोचा, म्हणजे हाडांच्या आत जिथं रक्त बनतं त्या मऊ गराचा, रिपोर्ट हातात पडला की माणसं आधी शेवटची ओळ वाचतात आणि मग मोबाईल काढतात. मोबाईलवर ‘स्टेम सेल’, म्हणजे मूळपेशी, टाकलं की एकीकडे चमत्कार दिसतात, दुसरीकडे कॅन्सर. एकच शब्द दोन्हीकडे कसा, हा प्रश्न लॅबच्या खिडकीतून मला इतक्यांदा विचारला गेलाय, की उत्तरं एकदाची लिहूनच काढली. मी काचपट्ट्या बघणारी बाई आहे, उपचार ठरवणारी नाही. औषध सुरू किंवा बंद करायचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

रक्ताची मूळपेशी म्हणजे नक्की काय?

तुमच्या शरीरात दर सेकंदाला साधारण २० लाख तांबड्या पेशी नव्यानं तयार होतात. तांबडी पेशी १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी रक्तात उतरल्यावर जेमतेम एखादा दिवस. हा सगळा खर्च ज्या ठेवीतून भागतो ती ठेव म्हणजे मूळपेशी. तिला दोन गोष्टी जमतात. स्वतःसारखी दुसरी मूळपेशी घडवणं, आणि रक्तातली कुठलीही पेशी होऊ शकेल अशी संतती देणं. पहिली जमली नाही तर ठेव संपते, दुसरी जमली नाही तर व्याज मिळत नाही.

अशी पेशी खरोखर असते हे १९६१ मध्ये टोरांटोत दिसलं, आणि तेही वेगळंच काही मोजताना. जेम्स टिल हे भौतिकशास्त्रज्ञ आणि अर्नेस्ट मॅकलॉक हे डॉक्टर मिळून किरणोत्सर्गाचा मॅरोच्या पेशींवर किती परिणाम होतो ते तपासत होते. उंदरांचा मॅरो किरणांनी मारायचा, दुसऱ्या उंदराचा मॅरो टोचायचा आणि बघायचं. दहाएक दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर गाठी उठलेल्या दिसल्या. जितक्या पेशी टोचल्या, त्या प्रमाणात गाठी. प्रत्येक गाठीत तांबड्या, पांढऱ्या, प्लेटलेट बनवणाऱ्या अशा सगळ्या जातींच्या पेशी. दोन वर्षांनी त्याच गटानं दाखवलं की एक गाठ म्हणजे एकाच पेशीचा गोतावळा.

माणसात रक्त पुरवणाऱ्या मूळपेशी किती असतात? २०१८ मधल्या एका अंदाजानुसार ५० हजार ते २ लाख. गाव भरेल इतक्याच.

ती पाठीच्या कण्यात असते ना? तिथंच सुई घालतात ना?

दोन तपासण्यांची इथं नेहमी गल्लत होते. पाठीच्या मणक्यांमधून काढतात ते पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव. बोन मॅरो काढतात तो बहुतेक वेळा कमरेच्या हाडाच्या मागच्या कंगोऱ्यातून. ‘मज्जा’ हा शब्द दोन्हीकडे आल्यामुळे घोळ होतो. मॅरोच्या तपासणीनं पाय लुळे पडत नाहीत. सुई मज्जारज्जूच्या आसपासही जात नाही.

मोठ्या माणसात रक्त तयार होतं ते कमरेच्या, छातीच्या, मणक्यांच्या आणि बरगड्यांच्या हाडांत. आईच्या पोटात असताना हे काम बराच काळ यकृत करतं. हाडाच्या आतही मूळपेशी कुठंही पडून राहत नाही. बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेला, विशिष्ट शेजारणींच्या संगतीत ती बसते. १९७८ मध्ये रे स्कोफिल्ड यांनी मांडलं की मूळपेशी मूळपेशी राहते ती त्या जागेमुळे. जागा सुटली की ती मोठी होऊन कामाला लागते. त्या जागेला मी कोनाडा म्हणते. घरातल्या कोनाड्यात पणती जशी वाऱ्यापासून जपून ठेवतात, तसंच हे आहे. शेजारच्या पेशी सीएक्ससीएल-१२ नावाचं प्रथिन सोडत राहतात, आणि मूळपेशीच्या अंगावरचा सीएक्ससीआर-४ हा रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारं प्रथिन, त्याला धरून असतो. ही पकड सुटली की मूळपेशी रक्तात वाहू लागते. पुढे याचा उपयोग येणार आहे.

सिग्नल म्हणजे काय? करंट असतो का?

नाही, करंट नव्हे. निरोप. आणि मराठीतला हा शब्द इथं फारच चपखल बसतो, कारण निरोप येतो आणि निरोप घेतलाही जातो. पेशीला दोन्ही लागतं. सिग्नल यायला हवा आणि काम झाल्यावर जायलाही हवा. या पानावरचं बाकी सगळं या दुसऱ्या अर्ध्याभोवती फिरतं.

एक निरोप जवळून बघू. तुम्ही विमानानं लेहला उतरलात, साडेतीन हजार मीटरवर. हवा विरळ. मूत्रपिंडातल्या काही पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याचं कळतं. एरवी त्यांच्या आत एचआयएफ नावाचं प्रथिन तयार होताच मोडलं जात असतं. ऑक्सिजन घटला की ते मोडायचं थांबतं, साचतं, आणि एरिथ्रोपोएटिन म्हणजे ईपीओ बनवायचा हुकूम देतं. (ऑक्सिजन मोजायच्या या युक्तीला २०१९ चं नोबेल मिळालं.) ईपीओ रक्तातून हाडांत पोचतं. तिथं तांबडी होऊ घातलेली, अजून कच्ची पेशी असते. तिच्या अंगावरच्या ईपीओच्या रिसेप्टरांची जोडी ते धरतं. रिसेप्टरच्या आतल्या टोकाला जॅक-२ हे एन्झाइम चिकटलेलं असतं, ते जागं होतं, स्टॅट-५ या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का मारतं, आणि स्टॅट-५ केंद्रकात जाऊन जीन चालू करतं. निरोपाचा मजकूर साधा: ‘मरू नकोस, वाढ.’ एरवी या कच्च्या पेशींतल्या कितीतरी मरून जातात. ईपीओ त्यांना वाचवतं.

आता परतीचा भाग. रिसेप्टरच्या शेपटाला एक फॉस्फेट काढणारं एन्झाइम येऊन बसतं आणि शिक्के पुसतं. रिसेप्टर आत ओढला जाऊन मोडीत निघतो. तांबड्या पेशी वाढल्या, ऑक्सिजन पुरला, मूत्रपिंड गप्प झालं. निरोप संपला.

डायलिसिसवर असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन का घसरतं, हेही इथंच कळतं. मॅरो ठणठणीत असतो, पण निरोप धाडणारंच थकलेलं असतं. म्हणून ईपीओचं इंजेक्शन.

मूळपेशी सतत विभागत असते का?

उलट. ती झोपाळू आहे. उंदरांतल्या सर्वांत खोल झोपलेल्या मूळपेशी आयुष्यभरात पाचेक वेळाच विभागतात. रोजचं रगाड्याचं काम तिच्या मुली-नाती करतात, म्हणजे अर्धवट मोठ्या झालेल्या पेशी. प्रत्येक विभागणीत डीएनएची नक्कल होते आणि नक्कल म्हटली की चुका आल्या. ठेवीला हात न लावता व्याजावर संसार चालवणाऱ्या घरासारखं हे आहे.

झोपवून ठेवणं हेही सिग्नलचंच काम. थ्रॉम्बोपोएटिन हे त्यातलं ठळक नाव. ते मुख्यतः यकृतात बनतं, प्लेटलेट तयार करवतं, आणि त्याच वेळी मूळपेशींना टिकवून धरतं. हे कशावरून? काही मुलं या निरोपाचा रिसेप्टर बिघडलेला घेऊन जन्मतात. सुरुवातीला फक्त प्लेटलेट कमी असतात. काही वर्षांत पूर्ण मॅरोच आटतो.

रक्तदान, जंतुसंसर्ग किंवा केमो झाल्यावर रक्त भरून कसं येतं?

तीन वेगवेगळ्या पातळ्यांची ही गोष्ट आहे.

रक्तदानात ३५० मिली रक्त जातं. त्यासाठी मूळपेशीला उठवायचीही गरज नसते. ईपीओ थोडं वाढतं, कच्च्या तांबड्या पेशी भर घालतात, आणि खरी अडचण येते ती लोहाची. म्हणूनच आपल्याकडे पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर ठेवायला सांगतात.

जंतुसंसर्गात गोष्ट एक पायरी खोल जाते. इंटरफेरॉन हे विषाणूविरुद्धच्या लढाईतलं प्रथिन झोपलेल्या मूळपेशीलाही जागं करतं, हे २००९ मध्ये उंदरांत दिसलं. थोडा वेळ जागणं चालतं. महिनोन्महिने जागवलं तर ती दमते.

केमोत तर सगळी कच्ची फळीच कापली जाते. पांढऱ्या पेशी सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तळाला जातात आणि मग चढू लागतात. त्या चढणीच्या दिवसांतली काचपट्टी मला ओळखू येते: अर्ध्याकच्च्या पांढऱ्या पेशी, दाट जांभळे कण, जणू दहावीची मुलं घाईनं ऑफिसात कामाला बसवलीत. डॉक्टर जी-सीएसएफचं, म्हणजे पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या प्रथिनाचं, इंजेक्शन देतात ते हीच चढण लवकर यावी म्हणून. तेही शरीराचाच निरोप, फक्त बाहेरून पाठवलेला. पुष्कळांची कंबर आणि छातीचं हाड दुखतं त्या दिवसांत. मॅरो कामाला लागल्याची ती खूण.

माझं आवडतं उदाहरण मात्र अप्लास्टिक ॲनिमियाचं. यात मॅरो ओस पडतो. सुईतून चरबीच येते. एल्ट्रोम्बोपॅग ही गोळी मुळात प्लेटलेट वाढवायला बनवली होती, थ्रॉम्बोपोएटिनच्या रिसेप्टरला दुसऱ्या बाजूनं चिमटा काढणारी. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांना दिसलं की काही रुग्णांत प्लेटलेटच नव्हे, तांबड्या आणि पांढऱ्या पेशीही वाढल्या. उरल्यासुरल्या मूळपेशींना निरोप पोचला होता.

मग याच सिग्नलचा कॅन्सरशी संबंध कसा?

कारण यंत्र एकच आहे. रक्त भरून काढायला एक यंत्रणा आणि कॅन्सर घडवायला दुसरी, असं काही नसतं. निरोप न येताही ‘आलाय’ असं पेशीला वाटत राहिलं, किंवा आलेला निरोप जाईचना, की भरून काढण्याचं कामच आजार होतं.

पॉलिसायथेमिया व्हेरा घ्या, तांबड्या पेशी बेसुमार वाढण्याचा आजार. चेहरा लालबुंद, आंघोळीनंतर अंगाला असह्य खाज, हिमोग्लोबिन १९ किंवा २०. या रुग्णांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त जणांत जॅक-२ मध्ये ठरावीक एका जागी, ६१७ व्या, एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. २००५ मध्ये हे सापडलं. बदल होतो तो जॅक-२ च्या ब्रेकवर. ब्रेक सुटला की ईपीओ नसतानाही आतली साखळी चालूच राहते. आणि गंमत बघा, अशा रुग्णाच्या रक्तातलं ईपीओ मोजलं तर ते कमी येतं. मूत्रपिंड केव्हाच गप्प झालेलं असतं, मॅरो मात्र कुणी न सांगता राबतोय. डोंगरावर राहणाऱ्याचं किंवा खूप सिगारेट ओढणाऱ्याचं हिमोग्लोबिनही वाढतं, पण तिथं ईपीओ असं दबलेलं नसतं. एका साध्या रक्ततपासणीत हा फरक हातात येतो.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात (ल्युकेमिया म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) घोटाळा वेगळा आणि आणखी ढोबळ. ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलले जातात. लांडं झालेलं २२ वं गुणसूत्र फिलाडेल्फियात १९६० मध्ये दिसलं. ही अदलाबदल आहे हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये ओळखलं. जोडावर बीसीआर-एबल नावाचं एक नवंच प्रथिन जन्मतं. एरवी हुकूम आल्यावरच चालणारं एबल एन्झाइम त्यात कायमचं चालू. इमॅटिनिब ही गोळी त्याच्या इंधनाच्या खाचेत जाऊन बसते. अमेरिकेत तिला २००१ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे तिची आणखी एक ओळख आहे: याच औषधाच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा रस्ता मोकळा राहिला.

ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या रिपोर्टवर एफएलटी-३ असं दिसलं तर तेही याच जातीचं. तो रिसेप्टर कच्च्या पेशींना वाढीचा निरोप देतो, आणि सुमारे ३० टक्के रुग्णांत तो आपणहून चालू झालेला असतो.

म्हणजे सिग्नल वाढला की कॅन्सर होतोच?

नाही, आणि याचं उत्तर फिनलंडमधल्या बर्फात आहे. एरो मॅन्ट्युरांटा हा स्कीवर धावणारा खेळाडू. १९६० आणि १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये मिळून तीन सुवर्णपदकं. हिमोग्लोबिन २० च्या वर, त्यामुळे उत्तेजक घेतल्याचा संशयही आला. १९९० च्या दशकात त्याच्या कुटुंबाची जनुकं तपासली तेव्हा कळलं की ईपीओच्या रिसेप्टरचं शेपूट जन्मतःच तोकडं आहे. वर सांगितलेलं शिक्के पुसणारं एन्झाइम ज्यावर येऊन बसतं तेच शेपूट. निरोप येतो, पण लवकर जात नाही. घरातल्या अनेकांना हे होतं. रक्त दाट, ल्युकेमिया नाही.

मग पॉलिसायथेमिया व्हेरा कॅन्सरच्या यादीत आणि हे नाही, असं का? दोन कारणं मला पटतात. पहिलं, ईपीओचा रिसेप्टर मुख्यतः तांबड्या वाटेला लागलेल्या पेशीवर असतो. ती आज ना उद्या केंद्रक टाकून तांबडी होणार आणि १२० दिवसांत संपणार. जॅक-२ मधला बदल मात्र मूळपेशीत होतो, जी संपत नाही. दुसरं, मॅन्ट्युरांटाच्या सगळ्याच पेशी सारख्या होत्या, कुणी कुणावर कुरघोडी करत नव्हतं. कॅन्सरमध्ये एका पेशीचं कूळ बाकीच्यांची जागा बळकावत जातं. चूक कुठल्या पेशीत झाली, याला चुकीइतकंच महत्त्व आहे.

विंट सिग्नल म्हणून काहीतरी वाचलं. त्याचा रक्ताशी काय संबंध?

या नावात दिल्ली आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. १९७३ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या आर. पी. शर्मा यांनी पंख नसलेली फळमाशी नोंदवली आणि त्या बदलाला ‘विंगलेस’ म्हटलं. १९८२ मध्ये अमेरिकेत उंदरांच्या स्तनातल्या गाठींमध्ये ‘इंट-१’ हे जीन सापडलं. पाचेक वर्षांनी लक्षात आलं की दोन्ही एकच. ‘विंगलेस’ आणि ‘इंट’ जोडून ‘विंट’. माशीत अवयव घडवणारा निरोप उंदरात गाठ घडवतो, हे या नावातच लिहिलेलं आहे.

रक्ताकडे येऊ. बॉस्टनमध्ये लेनर्ड झॉन यांच्या प्रयोगशाळेनं झेब्राफिशच्या भ्रूणांवर सुमारे अडीच हजार रसायनं तपासली. गंगेच्या खोऱ्यातला हा बोटभरही नसलेला मासा. भ्रूण काचेसारखा पारदर्शक, त्यामुळे मूळपेशी जन्मताना डोळ्यांनी दिसतात. २००७ मधला निष्कर्ष असा: प्रोस्टाग्लँडिन ई-२ वाढवणाऱ्या रसायनांनी मूळपेशी वाढतात, आणि ते अडवणाऱ्या इंडोमेथासिनसारख्या वेदनाशामकांनी कमी होतात. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे गुडघा सुजल्यावर किंवा ताप आल्यावर तयार होणारं तेच रसायन. दोन वर्षांनी पुढचा दुवा जुळला. प्रोस्टाग्लँडिन विंटच्या साखळीतल्या बीटा-कॅटेनिन या प्रथिनाला टिकवून धरतं, आणि ही जोडगोळी रक्तच नव्हे तर कापलेलं यकृत पुन्हा वाढतानाही लागते.

आता हीच जोडी उलट्या बाजूनं बघा. ज्या घराण्यांत आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे बारीक मांसल गाठी, उगवतात, त्यांच्यात एपीसी नावाचं जीन बिघडलेलं असतं, आणि एपीसीचं काम म्हणजे बीटा-कॅटेनिन मोडणं. मोठ्या आतड्याच्या गाठींत प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइमही वाढलेलं असतं. वर्षानुवर्षं ॲस्पिरिन घेणाऱ्यांत तिथला कॅन्सर कमी दिसतो. काही ल्युकेमियांच्या मूळपेशींना बीटा-कॅटेनिनवाचून चालत नाही, हे २०१० मध्ये उंदरांत दिसलं. जखम भरणं आणि गाठ वाढणं यांत इतकं कमी अंतर असेल असं मलाही शिकताना वाटलं नव्हतं.

मग मी दुखण्याची गोळी बंद करू? की ॲस्पिरिन सुरू करू?

दोन्ही नको. माशाच्या भ्रूणावरून स्वतःचा डोस ठरवू नका. ॲस्पिरिननं पोटात रक्तस्राव होतो, आणि प्लेटलेट आधीच कमी असतील तर धोका आणखी.

कॅन्सरलाही स्वतःची मूळपेशी असते का?

ल्युकेमियात तरी असते. १९९४ आणि १९९७ मध्ये जॉन डिक यांच्या गटानं, पुन्हा टोरांटोतच, रुग्णांच्या ल्युकेमियाच्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांना टोचल्या. लाखो पेशींतल्या मोजक्याच पेशी नवा ल्युकेमिया उभा करू शकल्या, आणि त्या दिसायला निरोगी मूळपेशीच्या जवळच्या होत्या. बाकी सगळी गर्दी.

याचा रोजच्या व्यवहाराशी संबंध असा. केमो विभागणाऱ्या पेशीला पकडते, आणि मूळपेशी झोपलेली असते, ल्युकेमियाचीसुद्धा. कोनाड्यात बसून ती वादळ जाऊ देते. ‘रिपोर्ट नॉर्मल आला तरी आणखी केमो कशाला?’ हा प्रश्न घरोघरी येतो. त्याचं एक उत्तर हे. इमॅटिनिबसुद्धा गर्दी हटवतं, सगळ्या मूळपेशी मारतंच असं नाही. वर्षानुवर्षं रोग अगदी तळाला गेलेल्या रुग्णांत, बारीक देखरेखीखाली गोळी थांबवून पाहिली, तेव्हा साधारण निम्म्यांत रोग परतला आणि निम्म्यांत नाही. परतलेल्यांत गोळी पुन्हा सुरू केली की बहुतेकांचा रोग पुन्हा आटोक्यात आला. मनानं थांबवायचा हा प्रयोग नव्हे. रोगाचा उरलेला अंश मोजणारी पीसीआर तपासणी दर महिन्याला असेल तरच.

कॅन्सर म्हणजे पेशी जास्त होणं ना?

अर्धंच खरं. ॲक्यूट ल्युकेमियात पेशी मोठ्याच होत नाहीत, हा त्याहून मोठा घोळ. पोरंच पोरं, कमावतं कुणी नाही.

ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा एकेकाळी सर्वांत घातक प्रकार. रक्तस्रावानं माणूस दिवसांत जायचा. यात १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन रेटिनोइक आम्लाचा रिसेप्टर मोडतो, आणि ‘मोठी हो’ हा निरोप पोचतच नाही. १९८० च्या दशकात शांघायच्या वांग झेनयी यांनी अशा रुग्णांना अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं एक औषध भरपूर मात्रेत दिलं. पेशी मेल्या नाहीत. मोठ्या झाल्या, आणि मग आपल्या मरणानं गेल्या. जोडीला आला हार्बिन शहरातून आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपला सोमल. जुन्या गोष्टींत सासू जो सुनेच्या दुधात घालते तोच. आज कमी धोक्याच्या गटात ही दोन औषधं देऊन, नेहमीच्या केमोशिवाय, दहातले नऊहून जास्त बरे होतात.

काचपट्टीवर हा रोग दिसला की आम्ही रिपोर्ट टाईप होईपर्यंत थांबत नाही, फोन उचलतो. पेशीच्या पोटात लाकडाच्या मोळीसारख्या काड्या भरलेल्या असतात, एकदा पाहिल्या की विसरत नाही.

वडील ७५ वर्षांचे आहेत. रिपोर्टमध्ये ‘टेट-२ म्युटेशन’ आहे पण ‘ल्युकेमिया नाही’ म्हणतात. म्हणजे काय?

वय वाढतं तशा मूळपेशींत चुका साठत जातात. एखादी चूक त्या पेशीला किंचित वरचढ करते आणि तिचं कूळ रक्तात वाढतं. सत्तरी ओलांडलेल्यांत साधारण दहातल्या एकाच्या रक्तात असं कूळ सापडतं, हे २०१४ मध्ये मोठ्या अभ्यासांतून पुढे आलं. डीएनएमटी-३ए, टेट-२, एएसएक्सएल-१ ही नेहमीची नावं. यातल्या वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का लोकांनाच पुढे रक्ताचा कॅन्सर होतो. हृदयविकाराचा धोका मात्र वाढतो, कारण त्या कुळातल्या पांढऱ्या पेशी जरा जास्तच तापट असतात.

इथंही निरोप आहेच. शरीरात सूज धुमसत असली की टेट-२ बिघडलेली मूळपेशी त्या गोंगाटात जास्त फोफावते. निरोगी मूळपेशी त्याच गोंगाटानं दमते. त्यामुळे वडिलांचं वजन, साखर, रक्तदाब आणि तंबाखू याकडे बघणं हे आज हातातलं काम. दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घेणं नव्हे.

भावाला मॅरो द्यायचाय. जी-सीएसएफची इंजेक्शनं घेऊन मलाच कॅन्सर झाला तर?

रास्त भीती, वरचं सगळं वाचल्यावर तर अधिकच. पण दात्याच्या शरीरात हा निरोप चार-पाच दिवस येतो आणि जातो. परदेशांतल्या नोंदणी केंद्रांनी हजारो निरोगी दात्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ल्युकेमिया वाढल्याचं दिसलेलं नाही. जी-सीएसएफनं कोनाड्याची पकड सैल होते, मूळपेशी रक्तात उतरतात आणि हाताच्या शिरेतून यंत्रानं गोळा करता येतात. कधी प्लेरिक्साफॉर हे औषधही वापरतात, विशेषतः रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशी काढायच्या असतील तेव्हा. ते सीएक्ससीआर-४ लाच झाकतं. ते आधी एचआयव्हीसाठी शोधलं जात होतं.

शिरेतून दिलेल्या पेशी हाडात कशा पोचतात?

त्याच पकडीच्या वासानं. सीएक्ससीएल-१२ जिथं जास्त तिथं त्या थांबतात. प्रत्यारोपणाचा दिवस बघायला गेलात तर निराशा होईल. लाल पिशवी, सलाईनची नळी, तासाभराचं काम. बाटली चढवल्यासारखंच दिसतं. मग दोन ते चार आठवडे वाट. न्यूट्रोफिलचा आकडा ५०० च्या वर सलग तीन दिवस राहिला की कोनाडे भरले असं धरतात. भारतातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालं.

नाळेच्या रक्तातल्या पेशी थोड्या असतात म्हणून त्यांना रुजायला वेळ लागतो. झेब्राफिशमध्ये सापडलेलं प्रोस्टाग्लँडिन त्यावर वापरून रुग्णांत चाचण्याही झाल्या. रोजच्या वापरात ते आलेलं नाही.

बाळाची नाळ बँकेत ठेवू का? गुडघ्यासाठी ‘स्टेम सेल थेरपी’ घेऊ का?

स्वतःच्या बाळासाठी पैसे भरून नाळेचं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं स्पष्ट सांगितलंय. घरात आधीच थॅलेसेमियासारखा आजार असलेलं भावंड असेल तर गोष्ट वेगळी, ती डॉक्टरांशी बोला. गुडघा, ऑटिझम, मधुमेह यांवर पॅकेज विकणाऱ्यांना एकच विचारा: निरोप बंद कसा करणार? उत्तर आलं तर मलाही कळवा.

डेंग्यूत पपईच्या पानांचा रस?

डेंग्यूत प्लेटलेट घसरतात आणि ताप उतरल्यावर आपल्या आपण चढतात, रस पिणाऱ्याच्याही आणि न पिणाऱ्याच्याही. प्लेटलेट कमी झाल्या की थ्रॉम्बोपोएटिन शोषून घेणारं कुणी उरत नाही, ते साचतं आणि मॅरोला ढोसतं. पाणी नीट प्या आणि पोटदुखी, उलट्या, रक्तस्राव याकडे लक्ष ठेवा. रस कडू असतो एवढं नक्की.

बाबांचा जॅक-२ पॉझिटिव्ह आलाय. आम्हा भावंडांनाही तपासायला हवं?

सहसा नाही. हा बदल बाबांच्या एका मूळपेशीत, आयुष्यात कधीतरी झालेला आहे. तो त्यांच्या शुक्रपेशींत नव्हता, तुमच्याकडे आलेला नाही. एकाच घरात दोघांना असा आजार असेल तर जरूर सांगा, मग विचार वेगळा. एरवी तुमचं साधं सीबीसी नॉर्मल असेल तर ते पैसे बाबांच्या औषधाला ठेवा, आणि पुढच्या वेळी येताना त्यांचे जुने रिपोर्ट पिशवीत घालून आणा. तीन वर्षांपूर्वीचं हिमोग्लोबिन किती होतं, हे मला आजच्या आकड्याइतकंच बघायचं असतं.